किल्ली कोणाच्या हातात? संमोहन, सीबीटी आणि आपलं मन

‘डॉक्टर, मला हिप्नोटाइज करून ही भीती काढून टाकता येईल का?’

हा प्रश्न मला अधूनमधून विचारला जातो. विचारणाऱ्याच्या मनातलं चित्र साधारण एकच असतं. आपण खुर्चीत डोळे मिटून पडायचं, समोरचा जाणकार माणूस काहीतरी करणार आणि डोळे उघडले की भीती गायब. किडलेली दाढ काढून टाकावी तशी.

ओपीडीच्या पाच मिनिटांत याचं उत्तर देता येत नाही, म्हणून आज सविस्तर लिहितो. त्यात थोडा इतिहास आहे, थोडं तत्त्वज्ञान आहे आणि माझी स्वतःची एक चूकही आहे. चुकीपासूनच सुरुवात करतो.

चार वेळा नॉर्मल आलेला ईसीजी

चाळिशीतले एक गृहस्थ. किराणा मालाचं दुकान. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) त्यांचा मोठा भाऊ हार्ट अटॅकने अचानक गेला. त्यानंतर सहा महिन्यांनी एका रात्री त्यांना छातीत धडधड सुरू झाली, दरदरून घाम फुटला, हातापायांना मुंग्या आल्या. ‘आता आपण जातो’ असं वाटून घरच्यांनी त्यांना रिक्षात घालून आणलं. ईसीजी नॉर्मल, रक्ततपासणी नॉर्मल. वर्षभरात हे चार वेळा झालं. टू-डी इको आणि स्ट्रेस टेस्टही करून झाली. सगळं व्यवस्थित.

मी त्यांना सांगितलं, ‘तुम्हाला काही झालेलं नाही. टेन्शन घेऊ नका.’ सोबत एक गोळी लिहून दिली. गोळी योग्य होती. पण ती कशासाठी, या आजाराला नाव काय, तो होतो कसा, यातलं मी काहीच सांगितलं नाही. बाहेर वीस पेशंट बसले होते.

पुढे काय झालं? त्यांनी जिने चढणं सोडलं. घाऊक बाजारात एकटं जाणं सोडलं. कोणी सांगितलेली नसतानाही सॉर्बिट्रेटची गोळी खिशात ठेवू लागले. दर अर्ध्या तासाने नाडी मोजू लागले. मग कुणीतरी त्यांना एका संमोहनवाल्याचा पत्ता दिला. ‘तीन बैठकांत भीती मुळापासून जाईल’ असं त्याने सांगितलं. बरीच रक्कम घेतली, भीतीचं मूळ मागच्या जन्मात शोधून दिलं आणि ‘गोळ्यांची सवय लागते, आजच बंद करा’ असा सल्लाही दिला. गृहस्थांनी गोळी एका दिवसात बंद केली. दोन आठवड्यांत चक्कर, चिडचिड आणि अजिबात झोप नाही, अशा अवस्थेत ते माझ्यासमोर बसले होते.

मला त्या माणसाचा प्रचंड राग आला. पण संध्याकाळी घरी जाताना दुसरंच काहीतरी मनात आलं. त्याने निदान कारण तरी सांगितलं होतं. खोटं होतं, पण कारण होतं. मी तेही दिलं नव्हतं.

तेव्हापासून माझं ठाम मत झालं आहे: ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, तुम्हाला काही नाही’ हे वाक्य म्हणजे अर्धवट उपचार. आणि अर्धवट सोडलेली जागा कोणीतरी भरतोच.

पणजीतला पुतळा

आता संमोहनाकडे वळू. तुम्ही पणजीला गेला असाल तर जुन्या सचिवालयाच्या शेजारचा एक पुतळा पाहिला असेल. झगा घातलेला एक धर्मगुरू दोन्ही हात पसरून उभा आहे आणि त्याच्यासमोर एक स्त्री भान हरपून कलंडली आहे. हे आब्बे फारिया. शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला हा पुतळा 1945 सालचा आहे.

फारियांचा जन्म 1756 साली गोव्यात, कांदोळीला झाला. वडिलांबरोबर ते पोर्तुगालला गेले, रोममध्ये शिकून धर्मगुरू झाले आणि पुढे पॅरिसमध्ये स्थायिक झाले. त्या काळचं पॅरिस मेस्मरच्या आठवणींनी भारलेलं होतं. फ्रान्झ मेस्मर हा व्हिएन्नाचा डॉक्टर 1778 मध्ये तिथे आला होता. विश्वात एक अदृश्य चुंबकीय द्रव वाहतो, त्याचा तोल बिघडला की आजार होतो आणि तो द्रव आपण हाताने वळवू शकतो, असा त्याचा दावा होता. लोकांना त्याच्यासमोर झटके यायचे, रडू फुटायचं आणि काहींना बरंही वाटायचं.

1784 मध्ये सोळाव्या लुईने चौकशी समिती नेमली. तिच्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते. त्यांनी केलेला प्रयोग आजही वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना सांगावा असा आहे. एका मुलाला डोळे बांधून बागेतल्या एकेका झाडाजवळ नेलं. त्यातलं एकच झाड ‘भारलेलं’ होतं. तो मुलगा भलत्याच, न भारलेल्या झाडापाशी बेशुद्ध पडला. निष्कर्ष असा निघाला की द्रव वगैरे काही नाही, परिणाम होतो तो कल्पनाशक्तीचा.

समिती तिथेच थांबली. ‘नुसती कल्पनाच’ म्हणून तिने विषय संपवला. पण कल्पनेने माणूस बेशुद्ध पडत असेल, तर ती ‘नुसती’ कशी? फारियांनी नेमका हा धागा उचलला. 1813 पासून त्यांनी पॅरिसमध्ये जाहीर प्रयोग केले. त्यांचं म्हणणं साधं होतं: माझ्या हातात कसलीही शक्ती नाही. जे घडतं ते समोर बसलेल्या माणसाच्या एकाग्रतेमुळे, त्याच्या अपेक्षेमुळे, त्याच्या स्वतःच्या मनामुळे घडतं. पॅरिसने त्यांची टिंगल केली, रंगमंचावरून खिल्ली उडवली. 1819 मध्ये त्यांचा ग्रंथ आला आणि त्याच वर्षी ते वारले.

आता पुन्हा तो पुतळा आठवा. पसरलेले हात, कोसळणारी स्त्री. पाहणाऱ्याला वाटतं की त्या हातांतूनच काहीतरी वाहतं आहे! जो माणूस आयुष्यभर ‘शक्ती माझ्या हातात नाही’ म्हणत राहिला, त्याचा पुतळा पाहून आपण नेमका उलटा अर्थ घेतो. पुतळा देखणा आहे, शिल्पकाराला दोष देत नाही. पण ‘मला हिप्नोटाइज करा’ म्हणणाऱ्याच्या डोक्यात हेच चित्र असतं.

पुढचा इतिहास थोडक्यात. मँचेस्टरचे शल्यचिकित्सक जेम्स ब्रेड यांनी 1843 मध्ये ‘हिप्नोटिझम’ हा शब्द रूढ केला. हिप्नोस हा ग्रीकांचा निद्रादेव. पुढे ब्रेडनाच हा शब्द खटकू लागला, कारण ही झोप नव्हे, एकाच कल्पनेवर खिळलेलं लक्ष आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं. पण तोवर शब्द रुळला होता. आपल्याकडे बंगालमध्ये हुगळीला जेम्स एस्डेल या सर्जनने 1845 पासून अशा अवस्थेत मोठमोठ्या शस्त्रक्रिया केल्या. पण 1846 मध्ये ईथर आणि 1847 मध्ये क्लोरोफॉर्म आलं. भूल देणारं औषध जवळजवळ प्रत्येकावर चालतं, संमोहन तसं चालत नाही. त्यामुळे ते मागे पडलं आणि बरंचसं जादूच्या स्टेजवर गेलं.

फ्रॉइडनेही सुरुवातीला संमोहन वापरलं आणि पुढे सोडून दिलं. त्याच्या मनोविश्लेषणाचा जगभर दबदबा झाला, आणि त्याच परंपरेत तयार झालेल्या माणसांनी पुढे सीबीटीचा पाया घातला.

गुलाम, बागेतला बाक आणि फिलाडेल्फिया

सीबीटी म्हणजे विचार आणि वर्तन या दोन्हींवर काम करणारी उपचारपद्धती. तिचं तात्त्विक मूळ फार जुनं आहे. रोममध्ये गुलाम म्हणून जगलेला आणि नंतर मुक्त झालेला एपिक्टेटस हा तत्त्वज्ञ शिकवायचा की माणसाला घटना छळत नाही, घटनेबद्दल त्याने बांधलेलं मत छळतं. काय आपल्या हातात आहे आणि काय नाही, हे आधी वेगळं करा, असा त्याचा आग्रह होता. मराठी माणसाला हे परकं वाटू नये. समर्थांनी 205 श्लोक लिहिले ते थेट मनालाच उद्देशून. मनाशी बोलता येतं, त्याला वळण लावता येतं, हे गृहीत धरूनच. अर्थात दोन्हींचं ध्येय वेगळं आहे. समर्थांना मन भक्तीकडे न्यायचं होतं. आमच्या पेशंटला एवढंच हवं असतं की जिना चढता यावा.

न्यूयॉर्कचे अल्बर्ट एलिस तरुणपणी मुलींशी बोलायला भयंकर घाबरत. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी स्वतःवरच प्रयोग केला. बोटॅनिकल गार्डनमध्ये बाकावर एकटी बसलेली स्त्री दिसली की शेजारी बसायचं आणि बोलायचं. महिनाभरात शंभरेक जणींशी ते बोलले. एकीने पुन्हा भेटायचं कबूल केलं आणि तीही आली नाही! पण एलिसना जे कळायचं ते कळलं. कोणी आरडाओरडा केला नाही, आकाश कोसळलं नाही आणि भीती मात्र ओसरली. मनोविश्लेषणाचं प्रशिक्षण घेतलेल्या एलिसनी पुढे ती वाट सोडली आणि 1955 मध्ये विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी एलिसशी प्रदीर्घ पत्रव्यवहार करून ही पद्धत महाराष्ट्रात आणली, मराठीतून लिहून सामान्य वाचकांपर्यंत पोचवली.

दुसरे फिलाडेल्फियाचे मनोविकारतज्ज्ञ एरन बेक. तेही मूळचे मनोविश्लेषक. नैराश्य म्हणजे स्वतःकडे वळलेला राग, हे त्या परंपरेतलं म्हणणं सिद्ध करायला त्यांनी रुग्णांची स्वप्नं तपासली. सापडलं भलतंच. रागाऐवजी हानी, अपयश आणि ‘मी कुचकामी आहे’ हेच पुन्हा पुन्हा दिसत होतं. बेकनी आपला सिद्धांत बदलला. माणसाच्या मनात एकीकडे भराभर, आपोआप विचार येत असतात आणि तो ते तपासून न पाहता खरे मानतो, हे त्यांनी पकडलं. 1977 मध्ये त्यांच्या गटाने ही पद्धत नैराश्यावरच्या औषधाशी प्रत्यक्ष तुलना करून पाहिली आणि ती औषधाच्या बरोबरीने उभी राहिली. बेक 2021 मध्ये वयाच्या शंभराव्या वर्षी वारले. पुराव्याने आपलंच मत खोटं ठरलं तर ते सोडायचं, हा त्यांचा गुण मला त्यांच्या उपचारापेक्षाही मोलाचा वाटतो.

प्रत्यक्षात काय करतात?

आमच्या दुकानदाराच्या आजाराचं नाव पॅनिक डिसऑर्डर. मी त्यांची गोळी पुन्हा सुरू केली आणि त्यांना एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे पाठवलं. तिथे पहिल्याच भेटीत कागदावर एक वर्तुळ काढलं गेलं. धडधड झाली. मनात आलं, ‘भावासारखाच अटॅक.’ या विचाराने ॲड्रेनलिन वाढलं. त्यामुळे धडधड आणखी वाढली. मग ‘नक्कीच अटॅक.’ असं ते चक्र फिरत राहतं. डेव्हिड क्लार्क या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी 1986 मध्ये हे चक्र नीट मांडलं.

गृहस्थ म्हणाले, ‘पण मुंग्या तर खऱ्या येतात!’ त्यावर त्यांना मिनिटभर जोरजोरात श्वास घ्यायला लावलं. मुंग्या आल्या, गरगरलं, छाती भरून आली. अगदी तशीच. जोरात श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि हे सगळं होतं. लक्षणं खरी होती, त्यांचा लावलेला अर्थ चुकीचा होता. हे मी दहा वेळा सांगून पटलं नसतं. त्यांनी ते स्वतःच्या शरीरात पाहिलं. (हृदयाची तपासणी झाल्याशिवाय हा प्रयोग घरी करू नका. दमा, फिट्स, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर मुळीच नको.)

मग गृहपाठ. वहीत रकाने: काय घडलं, मनात काय आलं, भीती किती टक्के, त्या विचाराच्या बाजूने पुरावा काय, विरुद्ध काय. आधी एक मजला, मग दोन. नाडी अर्ध्या तासाऐवजी दोन तासांनी मोजायची, मग मोजायचीच नाही. शेवटी खिशातली सॉर्बिट्रेट घरी ठेवून बाजारात जायचं. ती गोळी जवळ असेपर्यंत मन म्हणत राहतं, ‘गोळी होती म्हणून वाचलो.’

लक्षात घ्या, याला ‘पॉझिटिव्ह थिंकिंग’ म्हणत नाहीत. ‘सगळं छान होईल’ असं घोकायचं नसतं. विचार खरा आहे का, ते तपासायचं असतं. कधीकधी वाईट विचार खराही निघतो. मग त्यावर काय करता येईल ते ठरवायचं.

हीच शिस्त निद्रानाशात चालते. रोज एकाच वेळी उठायचं, झोप येईल तेव्हाच अंथरुणावर जायचं, वीसेक मिनिटं तळमळत पडलात तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचं. दीर्घकाळच्या निद्रानाशावर झोपेच्या गोळीच्या आधी सीबीटी द्यावी, अशी शिफारस अमेरिकेतल्या फिजिशियन्सच्या कॉलेजने 2016 मध्ये केली आहे. आपल्याकडे मात्र गोळीचं पाकीट आधी हातात पडतं. त्यात आम्ही डॉक्टर मंडळीही दोषी आहोत.

मग संमोहन टाकाऊ का?

मुळीच नाही. संमोहनात माणूस झोपलेला नसतो. त्याला ऐकू येतं, नको असेल तेव्हा तो उठू शकतो. लक्ष एका ठिकाणी खिळलेलं असतं आणि सूचना मन सहज स्वीकारतं, एवढंच. ही क्षमता प्रत्येकात सारखी नसते. काहींना ते पटकन जमतं, काहींना फारसं जमतच नाही, बहुतेक जण मधले.

त्याचा चांगला पुरावा पोटाच्या एका आजारात आहे. सतत पोट दुखणं, फुगणं, जुलाब किंवा बद्धकोष्ठ आणि तपासण्या नॉर्मल, म्हणजे आयबीएस. ब्रेड यांच्याच मँचेस्टरमध्ये पीटर व्हॉरवेल यांनी 1984 मध्ये तीस रुग्णांवर आतड्यावर केंद्रित संमोहनाचा अभ्यास केला आणि तुलनेतल्या गटापेक्षा स्पष्ट फरक दाखवला. आज ब्रिटनची अधिकृत मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की औषधांनी वर्षभरात फरक न पडलेल्या आयबीएसच्या रुग्णाला सीबीटी किंवा संमोहन उपचारांचा विचार करावा. वेदना आणि शस्त्रक्रियेआधीची धास्ती कमी करायलाही संमोहनाची मदत होते. चांगला उपचारक रुग्णाला स्वतःचं स्वतः ते करायला शिकवतो. फारिया म्हणत होते तेच.

पण हरवलेल्या आठवणी किंवा मागचे जन्म ‘शोधायला’ संमोहन वापरणं मला धोक्याचं वाटतं. त्या अवस्थेत मन आठवणी रचतं आणि रचलेल्या आठवणी खऱ्याइतक्याच खऱ्या वाटतात. भ्रम किंवा भास होणाऱ्या रुग्णावर तर हा खेळ करूच नये.

सीबीटीचीही एक सीमा आहे, ती सांगायलाच हवी. ‘तुमचे विचार बदला’ याचा अर्थ पाहता पाहता ‘दोष तुमचाच’ असा होऊ शकतो. नवरा मारतो, कर्ज फिटत नाही, कामावर अपमान होतो, तिथे दुःखाचं कारण विचारात नसतं, परिस्थितीत असतं. मार खाणाऱ्या बाईला संरक्षण लागतं, विचारांची वही नंतर. तीव्र नैराश्य, बायपोलर, स्किझोफ्रेनिया यांत औषधं लागतातच. मनात आत्महत्येचे विचार येत असतील तर लेख वाचत बसू नका. घरच्या कोणाला तरी लगेच सांगा, जवळचं रुग्णालय गाठा किंवा सरकारच्या टेलि-मानसला 14416 वर फोन करा. ही सेवा चोवीस तास आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

उपचारकाला विचारायचे प्रश्न

कोणाकडेही जाण्याआधी हे विचारा. तुमचं शिक्षण काय? डॉक्टर असाल तर मेडिकल कौन्सिलची, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असाल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का? माझ्या आजाराचं नाव काय? साधारण किती भेटी लागतील आणि फरक पडतोय हे आपण कशावरून ठरवायचं? दोन भेटींच्या मध्ये मी घरी काय करायचं?

शेवटच्या प्रश्नाला ‘तुम्ही काहीच करायचं नाही, सगळं माझ्यावर सोडा’ असं उत्तर आलं, तर नमस्कार करून उठा. ‘चालू गोळ्या आधी बंद करा’ असं म्हणाला तर नमस्कारही करू नका. गोळ्या कमी करायच्या त्या लिहून देणाऱ्या डॉक्टरशी बोलून आणि हळूहळू.

अडचण मला ठाऊक आहे. असे प्रशिक्षित लोक आपल्याकडे कमी आहेत आणि तेही शहरांत. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार वेगवेगळ्या मानसिक आजारांत 70 ते 92 टक्के लोकांपर्यंत उपचारच पोचत नाहीत. ब्रिटनने 2008 पासून सरकारी खर्चाने हजारो थेरपिस्ट तयार केले. आपल्या जिल्हा रुग्णालयांत आणि तालुक्याच्या ठिकाणी असं का होऊ नये, हा प्रश्न आपण मतं मागायला येणाऱ्यांना विचारायला हवा. तोवर आम्ही फिजिशियन एवढं तरी करू शकतो: आजाराचं नाव सांगणं आणि कागदावर ते वर्तुळ काढून देणं. त्याला सात-आठ मिनिटं लागतात. मी मोजली आहेत.

दुकानदार बारा-तेरा भेटींनंतर सीबीटीतून मोकळे झाले. गोळी पुढे वर्षभर घेऊन माझ्या देखरेखीखाली बंद केली. परवा बीपी दाखवायला आले तेव्हा मी विचारलं, ‘आता धडधड होते का?’

‘होते की अधूनमधून,’ ते म्हणाले. ‘भावाच्या वर्षश्राद्धाला झाली होती. बसलो जरा, आली तशी गेली.’

आणि लिफ्टसमोर रांग होती म्हणून जिन्याने उतरून गेले.